पट्ट्याची पारख

नाशिकजवळील सातपूर-अंबडचे कारखाने असोत वा द्राक्षांचे पॅकहाऊस, माल वाहणारा पट्टा तुटला की काम खोळंबते. पूर्वी यंत्रांवर चामड्याचे पट्टे सर्रास असत. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधले आणि पुढे चामड्याविना चालणारा आणखी एक टिकाऊ पर्याय लाभला. त्याचे दाणे वितळवून साच्यातून सलग पट्टा काढतात, थंड करतात. टोके तापवून जोडली की अखंड वेढा तयार होतो. तेल व घर्षण तो चांगले सोसतो. मात्र पॉलिएस्टर प्रकाराचा पट्टा उष्ण दमटपणात हळूहळू कमकुवत होतो. सतत ओलावा असेल तेथे पॉलिइथर प्रकारच योग्य. भावाआधी प्रकार विचारणारा व्यापारीच ग्राहकाचे नुकसान टाळतो आणि आपली पतही राखतो.