नगर-पुणे रोड, संध्याकाळचे पाच आणि समोर सूर्य

हा भाग गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर बिनधास्त ऐका. वाचत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार होता, नगरहून पुण्याला निघालो होतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या घरात तोंडात नगरच बसलंय.) स्टेअरिंगवर मी, शेजारी पप्पा, मागे आई आणि आईने भरून दिलेल्या पिशव्या. सुपा मागे टाकलं तेव्हा पाच वाजत आले होते. रस्ता थोडा वळला आणि समोरची काच एकदम पांढरी झाली. म्हणजे ऊन डोळ्यावर आलं असं नाही, अख्खी काचच दुधासारखी. मी डोळे बारीक केले, सन वायझर शोधायला हात वर नेला आणि तेवढ्यात पप्पा ओरडले, "ए, ट्रॉली! पुढं ट्रॉली आहे!"

ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता, आणि आमच्यात अंतर होतं साधारण दोन म्हशी आडव्या उभ्या राहतील एवढं. आई बराच वेळ काही बोलली नाही. शिरूरला चहाला थांबलो तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "तुला दिसलीच नाही?"

नाही दिसली. आणि ते मला पटेना. हत्तीएवढी ट्रॉली, भर उजेडात. पुण्याला पोचल्यावर हिशोब केला. गाडी ८० च्या स्पीडला होती, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तीन सेकंद काही दिसलं नाही असं धरलं तर ६६ मीटर मी आंधळ्यासारखी गेले. मग मी या विषयाच्या मागेच लागले. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे सूर्य रोज संध्याकाळी पश्चिमेला जातो, पण बरोबर पश्चिमेला वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाला. आपल्या नगरच्या अक्षांशावर डिसेंबरात तो पश्चिमेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. आता नकाशा उघडा. नगर ते पुणे सरळ रेघ मारली तर ती पश्चिमेपासून चौतीसेक अंश दक्षिणेकडे झुकते. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमाराला सूर्य बरोबर याच दिशेला असतो, आणि सहाच्या आसपास मावळेपर्यंत त्या दिशेच्या जवळपासच रेंगाळतो. थोडक्यात, थंडीतल्या रविवारी संध्याकाळी पुण्याला परत जाणाऱ्या आपल्या सगळ्या पोरापोरींसाठी हा रस्ता म्हणजे सूर्यावर नेम धरून बांधल्यासारखा आहे. आणि उसाचा हंगामही तेव्हाच.

मे महिन्यात याच रस्त्याला याच वेळी गेलात तर ऊन समोरून नाही, उजव्या खिडकीतून येतं. कारण सूर्य तेव्हा पार उत्तरेकडे सरकलेला असतो. उलट मे-जूनमध्ये पहाटे पुण्याहून नगरला निघालात तर उगवता सूर्य समोर. कल्याण रोडने टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा करत माळशेजकडे जाणाऱ्यांना मार्च आणि सप्टेंबरात त्रास, कारण तो रस्ता बराचसा पश्चिमेला जातो. पाथर्डीकडे सकाळी जाणाऱ्यांचंही तेच गणित, फक्त उलटं. तुमचा नेहमीचा रस्ता कोणत्या दिशेला जातो ते मोबाइलच्या कंपासवर एकदा बघून ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे.

आणखी एक जुगाड. हात सरळ लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते. सूर्य क्षितिजापासून एक मूठ वर असेल तर आपल्याकडे डिसेंबरात तो बुडायला अंदाजे पाऊण तास आहे. हाच पाऊण तास सगळ्यात वाईट, कारण सूर्य वायझरच्या खाली घसरतो. एक चहा, एक भेळ, निघा. मी आता हेच करते. गुगल मॅप्स ट्रॅफिक दाखवतं, पण सूर्य कुठे आहे ते आपणच बघायचं.

आता मूळ प्रश्न. ट्रॉली दिसली का नाही?

आपल्याला वाटतं ऊन डोळ्यात गेलं म्हणून. ते अर्धंच खरं आहे. ट्रॉलीची जी बाजू मला दिसायला हवी होती ती सावलीत होती, कारण सूर्य तिच्या पलीकडे. त्या सावलीतून माझ्या डोळ्यापर्यंत थोडासाच उजेड येत होता. मध्ये माझी काच. काचेवर धूळ, आतून तेलकट थर, वायपरचे ओरखडे. या प्रत्येक कणावर ऊन पडतं आणि सगळीकडे विखुरतं. तो विखुरलेला उजेड ट्रॉलीच्या चित्रावर पांढऱ्या पडद्यासारखा पसरतो. कोडिंगवाल्यांसाठी सांगायचं तर सिग्नल होता तेवढाच राहिला, नॉइज शंभर पट झाला. आणि असाच पडदा डोळ्याच्या आतही तयार होतो, कारण डोळ्याची भिंगंही उजेड थोडा विखुरतात.

यातलं काचेचं किती आणि डोळ्याचं किती हे तपासता येतं. संध्याकाळी गाडी उन्हाकडे तोंड करून उभी करा. उभी करा, चालवत नाही! आत बसून तळहाताने फक्त सूर्य झाका, डोळ्यावर थेट ऊन येणार नाही असा. काचेवर ऊन पडतंच आहे. आता समोरचं स्वच्छ दिसलं तर काच बरी आहे. हात धरूनही काच पांढरीच दिसत असेल तर दोष काचेचा. आमची काच, खोटं कशाला बोलू, पिठाच्या चाळणीसारखी दिसत होती.

बाहेरून काच सगळेच धुतात. गोम आतल्या बाजूला आहे. गाडी उन्हात उभी असते, डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं, त्यातली मऊपणासाठी घातलेली रसायनं वाफ होऊन काचेवर बसतात. त्यावर आपल्याकडची खास भर म्हणजे अगरबत्ती. आमच्या गाडीत पप्पा दर गुरुवारी लावायचे. धुराचा तो थर नुसत्या डोळ्याने दिसत नाही, ऊन आडवं आलं की दिसतो. पुसायला काही महाग लागत नाही. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, एक मायक्रोफायबर कापड ओलं आणि एक कोरडं. डॅशबोर्ड पुसता तेच कापड काचेला लावलंत तर सगळी मेहनत वाया, कारण त्यातलं पॉलिश काचेवर येतं. झालं की काचेवर हा करून वाफ सोडा. डाग, रेघा राहिल्या असतील तर लगेच दिसतात.

बाहेरच्या बाजूला आपल्याकडे दोन त्रास. एक बोअरचं पाणी. गाडी उन्हात धुतली आणि तशीच वाळू दिली की क्षाराचे पांढरे ठिपके बसतात आणि साबणाने निघत नाहीत. पांढरं व्हिनेगर कापडावर घेऊन काचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा, मग धुवा. रंगावर ओघळू देऊ नका. वायपरच्या टाकीतही बोअरचं पाणी टाकू नका. दुसरा त्रास म्हणजे कोरड्या धुळीवर वायपर फिरवणं. ती धूळ म्हणजे बारीक दगडच, वायपर म्हणजे मग पॉलिश पेपर. त्याचे अर्धगोल ओरखडे पडतात आणि ते पुसून जात नाहीत. रबर कडक झालं असेल तर बदला, उन्हाळा संपला की एकदा बघाच.

आणि डॅशबोर्डला ते चकचकीत पॉलिश लावणं बंद करा, प्लीज. सर्व्हिसिंगहून गाडी आली की सगळ्यांना छान वाटतं, पण तो चकाकणारा डॅशबोर्ड काचेत दिसतो. पांढरा रुमाल, टोलच्या पावत्या, गणपतीखालचं चंदेरी आसन, सगळ्याचं प्रतिबिंब बरोबर रस्त्यावर. गणपती राहू द्या, आसन काळ्या कापडाचं करा. मी आईला हेच सांगितलं आणि तिने त्याच दिवशी शिवून दिलं.

आता गॉगल. इथे गंमत आहे. पोलराइज्ड गॉगल लोक घेतात ते ऊन कमी करायला, पण सूर्याचं थेट ऊन पोलराइज्ड नसतंच. त्यासाठी तो साध्या काळ्या गॉगलसारखाच. त्याची खरी करामत प्रतिबिंबावर चालते. काचेसारख्या पृष्ठभागावर उजेड साधारण ५६ अंशाच्या कोनात आपटला की परत फिरणारा उजेड जवळजवळ पूर्ण आडव्या दिशेने पोलराइज होतो, आणि गॉगल तोच आडवा उजेड अडवतो. डॅशबोर्डचं काचेतलं प्रतिबिंब आणि ओल्या रस्त्याची चमक दोन्ही त्यात येतात. खरा आहे का हे तपासायला गॉगल लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून फिरवा. एका कोनाला स्क्रीन काळी झाली तर खरा. तोटा हा की गाडीतला टचस्क्रीन किंवा फोनही कधीकधी काळपट दिसतो. बोगद्यात शिरताना आणि सूर्य बुडाला की गॉगल काढायचा.

उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे गाडीत बहुतेक वेळा होत नाहीत, तुमच्या लक्षात आलंय का? ते अतिनील किरणांवर चालतात. समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, आणि तो थर अतिनील किरण जवळपास सगळे अडवतो. चष्मा बिचारा वाट बघत बसतो.

मग काचेला काळी फिल्म? समोरच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा असा नियम आहे. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वरून फिल्म चिकटवण्यावरच बंदी घातली. पुढे नियमात थोडे बदल झाले, पण ७० आणि ५० हे आकडे तसेच आहेत. दंड सोडा. संध्याकाळी सातला सावलीतली ट्रॉली आणखी काळी करून काय मिळवणार? त्यापेक्षा सीट वर घ्या. मी सीट फार खाली ठेवायचे. दोन इंच वर घेतली आणि वायझर पहिल्यांदा कामाला आला.

रात्रीचं थोडक्यात सांगते. आतल्या आरशाखाली एक छोटी दांडी असते, बऱ्याच जणांना ती कशासाठी आहे हे माहीत नसतं. तो आरसा पाचरीसारखा असतो. दांडी ओढली की मागचा चांदीचा थर छताकडे वळतो आणि तुम्हाला फक्त पुढच्या काचेवरून परतणारा चारेक टक्के उजेड दिसतो. मागच्याने हाय बीम लावला तर शिव्या द्यायच्या आधी दांडी ओढा. समोरच्याचा हाय बीम असेल तर त्याच्या दिव्यात बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा. पिवळे 'नाइट ड्रायव्हिंग' चष्मे घेऊ नका. २०१९ मध्ये अमेरिकेत सिम्युलेटरवर तपासलं, तेव्हा ते घालून रस्त्यावरचा माणूस जास्त चांगला दिसतो असं काही निघालं नाही.

एडविन लँड नावाच्या माणसाला हा दिव्यांचा त्रास कायमचा संपवायचा होता. त्याने १९२९ मध्ये पोलरायझर शीट बनवली. कल्पना अशी, की प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि ड्रायव्हरसमोर ४५ अंशात तिरकी शीट लावायची. समोरून येणाऱ्या गाडीची शीट तुमच्या दृष्टीने उलट्या बाजूला तिरकी होते, म्हणून त्याचा उजेड तुमच्यापर्यंत येत नाही आणि तुमचा तुम्हाला दिसत राहतो. भारी ना? पण शीटमध्येच निम्म्याहून जास्त उजेड जातो, आणि सगळ्या गाड्यांना एकदम लावली तरच फायदा. गाडी कंपन्यांनी घेतलं नाही. लँडची कंपनी पुढे पोलरॉइड कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध झाली.

एक गोष्ट उलट बाजूने. तुमची सावली गाडीच्या पुढे लांब पडली असेल तर सूर्य तुमच्या मागे आहे, म्हणजे समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आहात. तेव्हा दिवे लावा. ओव्हरटेक करताना त्याने तुम्हाला पाहिलंय असं धरू नका. शिर्डीच्या पालख्या चालत असतात तेव्हा कडेने चालणाऱ्यांनाही हे सांगा.

पप्पांचं राहिलं. काच साफ केली, वायपर बदलले, मला फरक लगेच कळला. पप्पांना नाही. ते म्हणायचे, "दिवे अजून फुटतातच गं, चांदण्यासारखे." मी म्हटलं, पप्पा, काच आता आरशासारखी आहे. आणि म्हणतानाच मला त्या तळहाताच्या टेस्टचा दुसरा अर्धा भाग आठवला. काच बरी असून चमक राहिली तर दोष आतल्या भिंगाचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत सुरुवात. रात्रीच्या दिव्यांचा त्रास हे त्याचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. ते दोन वर्षं त्याला "आजकालचे एलईडी" म्हणत होते, आणि त्या दोन वर्षांत रात्री कितीदा तरी पाथर्डीला जाऊन आले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, डाव्याचं दिवाळीनंतर करायचंय. तोपर्यंत रात्रीची गाडी माझ्याकडे, यावर घरात अजून भांडण चालू आहे.

घरी कोणी "दिवे फुटतात" म्हणत असेल तर आधी काच पुसा, मग डोळे दाखवा. तळहाताच्या टेस्टमध्ये तुमची काच पास झाली की नापास, ते कमेंटमध्ये कळवा. पुढच्या भागात टायरवरच्या बारीक अक्षरांचा अर्थ. चला, भेटू.