रापण: वाळूवर पुरं होणारं काम

सुट्टीच्या दोन दिवसांसाठी मालवणला आलेला पाहुणा सकाळी तारकर्ली, देवबाग किंवा तोंडवळीच्या पुळणीवरून चालत निघाला आणि पुढे रापणीचं मोठं जाळं ओढणं चालू असलं, तर तो सहसा नुसता बघ्या राहत नाही. कुणीतरी त्याला दोराला हात लावायला बोलावतं, कुणी माशांची नावं सांगतं, आणि जाळं वर आलं की कधी दोन बांगडेही त्याच्या हातावर येतात. घरी परतल्यावर तो सांगतो, कोकणातली माणसं फार साधीभोळी. कौतुक रास्त आहे, कारण मात्र चुकलेलं. वारा, भरती-ओहोटी, शेकडो मीटर लांबीचं जाळं आणि त्यातल्या प्रत्येक वाटेकऱ्याचा हिशेब सांभाळणं हे साध्याभोळ्या माणसाचं काम नव्हे. किनाऱ्यावरचा हा मोकळेपणा जितका स्वभावातून येतो, त्याहून जास्त कामाच्या रीतीतून येतो. रापणीचं निर्णायक काम वाळूवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणि मिळतील तेवढ्या हातांनी पुरं होतं. ही रीत गेली तर माणसं तीच राहतील, पण पाहुण्याची आणि त्यांची गाठ पडण्याचं कारण उरणार नाही.

रापणीचं तंत्र ऐकायला सोपं आहे. पावसाळा सरला, नारळी पौर्णिमा झाली, की बांगडा आणि तारलीचे थवे किनाऱ्याजवळ येऊ लागतात. पाण्याचा बदललेला रंग, वरची खळबळ, पक्ष्यांची झुंबड यांवरून जाणती नजर थवा ओळखते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी पाण्यात जाते, जाळं सोडत थव्याला वळसा घालते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन काही अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात. ओढता ओढता त्या एकमेकींकडे सरकतात, अर्धवर्तुळ आवळत जातं आणि मासळी मधल्या खोळीत गोळा होते. घाईने ओढलं तर जाळ्याची खालची कड तळापासून उचलली जाऊन मासळी निसटते. तळाशी खडक असला तर जाळंच फाटतं. म्हणून रापणीला नुसता समुद्र पुरत नाही. स्वच्छ वाळूचा तळ हवा, होडी लावायला आणि जाळं सुकवायला मोकळी पुळण हवी, आणि वेळेला धावून येणारी वस्ती हवी.

एवढं मोठं जाळं एका घराच्या आवाक्यातलं नसतं. वाटेकरी आपापल्या जाळ्याचे भाग आणतात, ते जोडून रापण उभी राहते. आलेल्या मासळीचे वाटेही त्याच हिशेबाने पडतात: जाळ्याचा, होडीचा आणि अंगमेहनतीचा. मासळी उघड्यावर पडलेली असते, घ्यायला आलेल्या बायका तिथेच भाव करतात, वाटपावरून वाद झाला तर तोही चारचौघांत होतो. उघडेपणा हीच इथली हिशेबतपासणी आहे. जो ओढायला आला तो सहसा रिकाम्या हाताने जात नाही, हा संकेतही याच व्यवहाराचा भाग. पाहुण्याला मिळणारे बांगडे म्हणजे त्या जुन्या संकेताचा त्याच्यापर्यंत पोचलेला फायदा. अर्थात याला समतेचा आदर्श म्हणणं धाडसाचं होईल. वाटेकरी होण्याचा हक्क बहुधा घराण्यावर आणि गावावर ठरतो, आणि मासळीच्या विक्रीत बायका पुढे असल्या तरी होडी आणि जाळ्यावर मालकी मुख्यतः पुरुषांचीच. दोराला हात लावू देणं वेगळं आणि वाटा देणं वेगळं.

ही संस्था किती नाजूक आहे हे शेजारच्या किनाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. कर्नाटकात हीच रीत रंपणी म्हणून ओळखली जाते. तिथे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात यांत्रिक पर्ससीन जाळी आली आणि काही वर्षांतच रंपणीची पीछेहाट झाली. थवा किनाऱ्याला येण्याआधीच खोल पाण्यात वेढला गेला, तर किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्याच्या हाती काय लागणार? गोव्यात त्याच दशकात रापणकार ट्रॉलर्सविरुद्ध रस्त्यावर उतरले, माथानी साल्ढाणांसारखं नेतृत्व त्यातूनच पुढे आलं, आणि १९८० मध्ये तिथे सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. पुढे २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर हंगामाची आणि क्षेत्राची बंधनं घातली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. तरीही मालवणच्या किनाऱ्यावर या वादाची धार बोथट झालेली नाही, कारण समुद्रातल्या नियमाची अंमलबजावणी कागदावरच्या सहीपेक्षा गस्तीच्या नौकेवर अवलंबून असते.

रापणीविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्रांच्या आकाराचा, आहे. बारीक आसाच्या खोळीत लहान पिल्लंही अडकतात, मग तिला निसर्गस्नेही कसं म्हणायचं? आक्षेप मान्य करावाच लागेल, आणि आस मोठा ठेवण्याचा नियम रापणीलाही लागू हवा. पण रापण आणि पर्ससीन या दोन्ही रीतींची मर्यादा सारखी नाही. रापण माशाचा पाठलाग करत नाही; थवा आला नाही तर ती त्या दिवशी थांबते. दुसरा आक्षेप रोकडा आहे: मच्छीमारांचीच पोरं रापण सोडत असतील, तर बाहेरच्यांनी तिच्यासाठी का हळहळावं? कष्टाच्या, बेभरवशाच्या कामाला कुणी बांधून घालू नये, हे खरंच. मात्र सोडून जाणं आणि पायाखालची वाळू काढून घेतली जाणं यांत फरक आहे. किनाऱ्याजवळची मासळी आधीच उचलली गेली असेल आणि होडी लावण्याच्या जागी खुर्च्या-छत्र्या मांडल्या असतील, तर तिथे निवड उरत नाही.

इथे पर्यटनाचा मुद्दा येतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि घरगुती निवास, खानावळी, जलक्रीडा यांतून मच्छीमार घरांतही पैसा आला. तो नाकारण्यात शहाणपण नाही. पण पाहुणा ज्या मोकळेपणासाठी येतो तो रापणीसारख्या कामातून येतो, हे मान्य केलं की पर्यटनाच्या आराखड्याचा क्रम बदलावा लागतो. आधी होड्या लावण्याच्या, जाळी सुकवण्याच्या आणि ओढण्याच्या जागा नकाशावर पक्क्या करायच्या, मग उरलेल्या पुळणीचा विचार करायचा. पुळणीवरून चालणाऱ्या पाहुण्यानेही एवढं करावं: ताणलेला दोर ओलांडू नये, बोलावलं तर ओढावं, मासळी घ्यायची तर तिथेच, योग्य भावाने घ्यावी. आदरातिथ्य फुकट मिळालं म्हणून ते बिनखर्चाचं होत नाही. त्याचा खर्च रापण भरत असते.