रामगिरीच्या पायाशी

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागले की कामठी मागे पडते, कन्हानचा पूल ओलांडला जातो आणि मग दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. जमीन अशी सपाट की नजरेला अडायला काही नाही. मनसरला उजवीकडे वळावे, तो समोर एकदम डोंगर उभा राहतो. सातपुड्याचा एक फाटा मैदानात शिरतो आणि नालासारखा वळून थांबतो. त्या वळणाच्या कुशीत अंबाळा तलाव, माथ्यावर गडमंदिराची पांढरी शिखरे आणि पायथ्याला गाव. हे रामटेक. नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर, म्हणजे सकाळी डबा बांधून निघावे आणि दिवेलागणीला घरी यावे एवढ्या अंतरावर.

आपण नागपूरकर रामटेकला लहानपणापासून जातो, त्यामुळे ते नीट पाहत नाही. पायऱ्या चढायच्या, वानरांपासून प्रसाद वाचवायचा, वराहाच्या पोटाखालून सरपटत जायचे (पापी माणूस अडकतो म्हणतात, आमच्या कुटुंबात अडकले ते फक्त जाडजूड), रामलक्ष्मणाचे दर्शन घ्यायचे आणि खाली येऊन खिंडसीच्या पाण्यावर नावेत बसायचे. या वाटेवर आपण दीड हजार वर्षे ओलांडतो, हे कुणी सांगत नाही.

गावाच्या नावापासूनच गोष्टी सुरू होतात. वनवासात राम इथे टेकला, म्हणून रामटेक, ही घरोघरची व्युत्पत्ती. डोंगराचे जुने नाव सिंदुरगिरी. इथला दगड फोडला की लालसर निघतो. नरसिंहाने हिरण्यकशिपूला फाडले तेव्हा उडालेल्या रक्ताचा हा रंग, असे सांगतात. लक्ष्मणाच्या मंदिरात यादवकाळातला, रामचंद्रदेवाच्या वेळचा शिलालेख आहे, त्यातही सिंदुरगिरी हे नाव येते. महानुभावांच्या परंपरेत रामटेकला वेगळेच महत्त्व. गुजरातेतला प्रधानपुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाला, वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभू भेटले, आणि पुढे तोच चक्रधर स्वामी झाला. म्हणजे मराठीतल्या पहिल्या गद्यचरित्राच्या नायकाला घराबाहेर काढायला निमित्त झाले ते हेच गाव.

आणि एक गोष्ट आहे ती शंबूकाची. उत्तरकांडात रामाने तप करणाऱ्या शंबूकाचा वध केला. का, तर शूद्राला तपाचा अधिकार नव्हता. रामटेकची दंतकथा म्हणते की ते घडले इथेच. मरताना शंबूकाने वर मागितला : रामाने इथेच राहावे आणि माझीही पूजा व्हावी. तो धूम्रेश्वर. आधी त्याचे दर्शन, मग रामाचे, अशी जुनी रीत. 1956 च्या धम्मदीक्षेनंतरच्या नागपुरात ही कथा आजीच्या तोंडून ऐकली तशी ऐकू येत नाही. मला त्यातला वर महत्त्वाचा वाटतो. ज्याला मारले त्याला आधी नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे कुणीतरी, कधीतरी ठरवले आणि लोकांनी ते पाळले.

मग कालिदास. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर शापाचे वर्ष कंठत होता, तो डोंगर कोणता? मल्लिनाथाने चित्रकूट म्हटले, कुणी सरगुज्याचा रामगड म्हणतात. आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामटेकचा पक्ष लढवला, तो भावनेने नव्हे, ताम्रपटांच्या आधाराने. त्या पक्षाला पुढे एवढे बळ आले की डोंगरावर कालिदासाचे स्मारक झाले आणि 1997 मध्ये गावात त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आले.

मिराशींचा मोठा आधार होता एका बाईचा. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांच्या घरात, दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. नवरा अकाली गेला, मुले लहान. मग तिने स्वतः राज्य चालवले. युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून दिलेला तिचा एक ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकपासून अगदी जवळचे आजचे नगरधन. दानपत्रात ती आधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ सांगते आणि गोत्र लावते तेही माहेरचे, धारण. सासरचे विष्णुवृद्ध गोत्र होतेच, पण तिने ते लावले नाही. लग्नात नावच बदलायच्या आपल्याकडच्या चालीपुढे हे वाचताना गंमत वाटते.

ऋद्धिपूरला सापडलेला तिचा दुसरा ताम्रपट मुलगा प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या वर्षातला. तो राजधानीतून दिलेला नाही. रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून दिला, असे ती लिहिते. नगरधनपासून जवळ, रामाचे पाऊल असलेला डोंगर तो हाच, हा मिराशींचा तर्क. याच प्रवरसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ रचले, विषय पुन्हा राम. आणि त्यावर कालिदासाचा हात फिरला, असे एक टीकाकार म्हणतो.

चढणीच्या वाटेवर दोन नरसिंह आहेत, केवल आणि रुद्र. दोघेही निवांत बसलेले; मांडीवर हिरण्यकशिपू नाही, हाती चक्र. ही देवळे वाकाटकांच्या काळची, पाचव्या शतकातली. (1984 आणि 1989 मध्ये या मतदारसंघाने लोकसभेवर पाठवले तेही नरसिंह रावांना, हा योगायोग.) केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा चुन्याचा थर 1980 च्या दशकात निघाला तेव्हा खाली एक खंडित शिलालेख दिसला. अभ्यासकांनी तो जुळवून वाचला. प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी हे देऊळ उभारले, असा त्याचा अर्थ लावतात.

वळणावरच्या मनसरची कथा आणखी निराळी. गावकरी ज्या टेकडीला हिडिंबा टेकडी म्हणत, तिथे 1972 मध्ये लाल दगडाची बुटक्या, गुबगुबीत शिवाची अप्रतिम मूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे मोठे उत्खनन सुरू झाले आणि त्यामागे होते जपानहून येऊन नागपूरचेच झालेले भदन्त सुरई ससाई. राजगीरला असताना आपल्याला नागार्जुनाचा दृष्टान्त झाला, त्याने नागपूरला धाडले, असे ते सांगत. रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहेच. विटांची भव्य मंदिरे आणि प्रासाद बाहेर आले तेव्हा कुणी त्यांत बौद्ध विहार पाहिला, तर डच अभ्यासक हान्स बाकर यांनी प्रवरसेनाचे प्रवरेश्वर. वाद मिटलेला नाही. मनसरच्या विटांना ते नवे नाही. जो येतो तो आपला देव घेऊन येतो.

प्रभावतीची मात्र अलीकडे पुन्हा भेट झाली. 2015 नंतर पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी नगरधनला खणले, तेव्हा भाजलेल्या मातीची एक लहानशी लंबगोल मुद्रा हाती आली. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मीत प्रभावतीचे नाव.