खासबागची माती आणि खुराकाचा प्रश्न

राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले, एवढेच आपल्याला वर्षानुवर्षे सांगितले जाते. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. तो युरोप दौरा 1902 चा. महाराज विलायतेत असतानाच 26 जुलै 1902 रोजी मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी 50 टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा करवीर गॅझेटमध्ये निघाला. मैदानाचे कौतुक करणारे या जाहीरनाम्यापाशी आले की गप्प का होतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

कलोसियममध्ये दर्जा पाहून बसवत. सरदार खाली, रिंगणाजवळ. बायका आणि गुलाम पार वर. रिंगणात मरायलाही बहुतेक गुलाम आणि कैदी. महाराजांनी रोमहून आकार आणला, ही रीत आणली नाही. 1912 साली पूर्ण झालेल्या खासबागेत मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवती चढत गेलेली गोलाकार बैठक आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसते.

मुळात अंगाला अंग भिडल्याशिवाय कुस्ती होतच नाही. ज्या समाजात सावलीचा विटाळ मानला जात होता, तिथे राजा कुस्तीला आश्रय देतो, पंजाबचे मुसलमान मल्ल कोल्हापुरात आणून सांभाळतो, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पुढे 1919 मध्ये त्यांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करणारे हुकूम काढले. बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या राज्यघटनेचे कलम 15 (2) वाचा. सरकारी पैशाने चालणाऱ्या सार्वजनिक ठिकाणी धर्म, जात, लिंग यावरून कोणाला अडवता येणार नाही, असे ते सांगते. खासबाग आज महापालिकेचे आहे. म्हणजे त्या हौद्यावर आपल्या मुलाचा आणि मुलीचाही हक्क आहे.

पण दार उघडे असून भागते का? पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात. भूमिहीन मजुराचे पोर तालमीत चार दिवस जोर काढील, पाचव्या दिवशी कामावर जाईल. महाराजांना हे कळत होते. म्हणून त्यांनी नुसते मैदान बांधले नाही, मल्लांच्या खुराकाचा खर्चही दरबारातून दिला. शिक्षणातही शाळा खुली करून ते थांबले नाहीत, वसतिगृहे काढली. (आरक्षणाला कुबड्या म्हणणाऱ्यांनी पैलवानाच्या खुराकाला काय म्हणायचे, तेही एकदा सांगून टाकावे.)

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशावर. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले. 1952 साली हेलसिंकीला जाताना त्याच खाशाबांना लोकांपुढे हात पसरावे लागले आणि प्राचार्य खर्डेकरांना आपले घर गहाण टाकून 7 हजार रुपये द्यावे लागले. तिथे त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! संस्थानाने उचललेली जबाबदारी लोकशाही सरकारने का टाकून दिली? घटनेचे कलम 46 दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे हित विशेष काळजीने जपायला शासनाला बजावते. ते काय फक्त परीक्षेत लिहायचे?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री खासबागला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शासनाने त्याच्या उभारणीसाठी निधी जाहीर केला, ते योग्यच झाले. खासबागसाठीही पैसा आला पाहिजे. मात्र तो दगड-सिमेंटवर संपता कामा नये. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलामुलींचा खुराक, वस्ताद आणि वसतिगृह यांसाठी त्यात स्वतंत्र तरतूद हवी. आणि मैदानाच्या दारावर 26 जुलै 1902 चा जाहीरनामा कोरून लावला पाहिजे. कोल्हापुरातील आपल्या संघटनांनी ही मागणी महापालिका आयुक्तांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.