बिलं थकली की थकवली?

'चेंज द व्हॉइस', एक मार्क. दहावी-बारावीत हे तुम्ही किती वेळा केलंय, आठवा. कर्म पुढे आणलं, क्रियापदाचं तिसरं रूप टाकलं, शेवटी 'बाय' लावलं, झालं! पण हा बदल करायचा कशासाठी, हे फारसं कुणी सांगत नाही.

आपल्या जयसिंगपुरातलंच बघा. गळीत हंगामाच्या तोंडावर विक्रमसिंह मैदानात ऊस परिषद भरते. तिथला वक्ता नुसतं 'बिलं थकली' म्हणून थांबेल का? तो म्हणेल, 'कारखान्यांनी बिलं थकवली.' एक 'व' वाढला आणि थकवणारा समोर आला. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ चा केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. म्हणजे पंधराव्या दिवशी बिल आपोआप थकत नाही, कुणीतरी ते थकवतं.

इंग्रजीत हा खेळ पॅसिव्हचा. 'द फॅक्टरी डिलेड द पेमेंट्स' यात कारखाना पहिल्याच खुर्चीवर बसलाय. 'पेमेंट्स वेअर डिलेड' लिहा, खुर्ची रिकामी! व्याकरण दोन्हीकडे चोख. परीक्षेत ज्या 'बाय'साठी आपण धडपडतो, तोच बाहेरच्या जगात सगळ्यात आधी गळतो. (पॅसिव्ह वाईटच असतो असं नाही हं. 'चोर पकडला गेला' यात कुठल्या हवालदाराने पकडला, हे दर वेळी नको असतं.)

आता वाक्यं एकमेकांशेजारी कशी ठेवायची ते बघू. त्यासाठी डॉ. आंबेडकरांचं इंग्रजी वाचा. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात मार्च १९२० मध्ये झालेल्या परिषदेचे तेच अध्यक्ष. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते बोलले, ते भाषण नेटवर सहज मिळतं. राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, हा विरोध त्यांनी एकाच मापाच्या दोन तुकड्यांत मांडलाय. पुढे लागोपाठ दोन प्रश्न, दोन्हींची सुरुवात 'हाऊ लाँग'ने. शब्द साधे, डिक्शनरी लागत नाही. दुसऱ्या 'हाऊ लाँग'ला मात्र ऐकणाऱ्याला उत्तर टाळता येत नाही.

आज कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर दोन मिनिटं थांबा. 'रिझल्ट हॅज बीन विथहेल्ड.' कुणी? 'लेक्चर्स हॅव बीन कॅन्सल्ड.' कुणी? मग तुमचा मेलही उघडा: 'द असाइनमेंट कुड नॉट बी सबमिटेड.'

बरं, कुणाकडून?