आयपीव्ही ६ बंद करावे का?

पालकसभेनंतर एका पालकांनी विचारलं, "सर, आयपीव्ही ६ बंद केलं की घरचा कॉम्प्युटर सुरक्षित होतो म्हणे. करू का?"

इंटरनेटवर प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो. जुन्या आयपीव्ही ४ मध्ये सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत. ते अपुरे पडले म्हणून आयपीव्ही ६ आले. पूर्वी घरातली सगळी उपकरणे राउटरच्या एकाच पत्त्यामागे असत. आता प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता मिळतो. भीती वाटते ती इथेच. पण पत्ता कळला म्हणजे दार उघडलं असं नाही. दार राखतो तो फायरवॉल.

धोका मुळीच नाही, असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या आयपीव्ही ६ भागात गंभीर दोष जाहीर झाला. ते बंद ठेवणारे वाचले, हे खरं. पण मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी अपडेटही दिले होते. शिवाय हा भाग बंद केल्यास विंडोजमधील काही गोष्टी नीट चालत नाहीत, म्हणून कंपनी स्वतःच तसे न करण्याचा सल्ला देते.

तेव्हा बंद करू नका. त्याऐवजी तीन कामे करा: विंडोज अपडेट चालू ठेवा, राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि त्याच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही ६ साठी फायरवॉल चालू आहे ना, ते बघा. मुलांना सोबत बसवा, त्यांचाही धडा होईल!