दारं धरणारा गडी आणि आपले मज्जातंतू



लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेस ऊस पिकवणाऱ्याच्या अंगाविषयी लिहीत आहोत. आम्ही शेतकीची पदविका घेतलेली माणसे, डॉक्टर नव्हे. पण डब्यावरचा विषाचा रंगीत शिक्का समजावून सांगायचा, तर ते औषध अंगात कोठे मार करते हेही सांगणे आले. आणि मण्यार चावली तर तिचे विषही नेमके त्याच जागी जाते.

मेंदू आणि कण्यातला मज्जारज्जू हा मुख्य कालवा समजा. त्यातून अंगभर फुटलेल्या फाट्या, चाऱ्या आणि दंड म्हणजे परिघीय मज्जासंस्था. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. डोळे फिरवणे, बोलणे, गिळणे ही कामे त्यांच्याकडे. मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघतात. हातपाय आणि धड त्यांच्याकडे. कालव्याचे पाणी एकाच दिशेने जाते, येथे खबर आत येते आणि हुकूम बाहेर जातो. जाड तंतूंतून ही वाहतूक सेकंदाला ५० मीटर किंवा जास्तच वेगाने चालते, ठणक्याच्या बारीक तंतूंतून मीटरभरच. म्हणून तर अंगठ्यावर कुदळ बसली की आधी नुसता तडाखा कळतो, आणि माणूस ‘आई गं’ म्हणतो तो क्षणभराने! घाम, लाळ, डोळ्यांची बाहुली, हृदयाचे ठोके यांच्या फाट्या मात्र आपल्या हुकमाबाहेर आपोआप चालतात.

एक तंतू ध्यानात ठेवावा. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जोडीतून तो निघतो आणि छातीतून उतरून श्वासपटलाला पोचतो. आपला श्वास मुख्यतः त्याच्यावर चालतो.

आता खरी गोष्ट. तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढी फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, फट ओलांडते आणि स्नायू आखडतो. मज्जातंतू असे रसायन सोडून काम करवतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवले आणि १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. काम होताच एक विकर ते रसायन मोडून टाकते. हा विकर म्हणजे दारं धरणारा गडी. सरी भिजली की दारं बंद.

क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, जुन्या मंडळींना आठवणारे थिमेट (त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे), ही सगळी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. ही औषधे या गड्याचेच हात बांधतात. मग पाणी तुंबते आणि सरी फुटते. तोंडाला लाळ, अंगाला घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंची फडफड. पुढे स्नायू थकून लुळे आणि श्वास बंद. विष कातडीतूनही शिरते, म्हणून भिजलेले कपडे तिथल्या तिथे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवावा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीच्या फवारणीत २० हून अधिक माणसे दगावली. दवाखान्यातले ॲट्रोपिन लाळ-घाम आवरते, छातीतला कफ आवरते; स्नायूंचा लुळेपणा त्याने जात नाही. बरे वाटू लागलेल्या रोग्याची मान एक ते चार दिवसांत पुन्हा लुळी पडू शकते, श्वासही अडू शकतो. तेव्हा डॉक्टर सोडत नाहीत तोवर ‘आता उठून बसला की’ म्हणून त्याला घरी आणू नये. कामाची घाई आम्हालाही ठाऊक आहे.

नागाचे विष सरीच्या तोंडात चिखल भरावा तसे स्नायूचे दार बुजवते. मण्यार त्याहून वाईट, ती दंडाचे टोकच उद्ध्वस्त करते. तोडकऱ्यांच्या कोपीत जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री डसते, आणि कित्येकदा ना दुखते, ना सूज येते. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, शब्द जड होतात. लोक म्हणतात, बाधा झाली, आणि देवऋष्याकडे दोन तास जातात. प्रतिविषाची लस लवकर टोचली तर पुढचे नुकसान थांबते. पण उद्ध्वस्त झालेली टोके लसीने जोडली जात नाहीत, ती पुन्हा फुटावी लागतात आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास यंत्राने द्यावा लागतो. म्हणून १०८ ची गाडी बोलावतानाच श्वासयंत्र कोठल्या दवाखान्यात आहे ते विचारून घ्यावे.

असा रोगी हलत नाही, पापणी उचलत नाही, कधी बाहुल्याही उजेडाला हलत नाहीत. मेला असे समजून रडारड सुरू होते. मेंदू मात्र बहुधा शाबूत असतो. त्या खाटेवरच्या माणसाला आपले बोलणे ऐकू येत असते.